पाद्रीच पालटला!

साठ वर्षांच्या एका पाद्रीची परीक्षा डिसेंबर १८४७ मध्ये सुरू झाली आणि संपायला पुढल्या सालचा मार्च उजाडला. परीक्षा देणारा जॉर्ज कॉर्नेलियस गोरम, घेणारा एक्झिटरचा बिशप हेन्री फिलपॉट्स. एकूण १४९ प्रश्न आणि ५२ तास. विषय मात्र एकच: तान्ह्या बाळाच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं, की त्याच क्षणी त्या बाळाचा आत्मिक नवा जन्म होतो की नाही?

गोरम काही नवशिका उमेदवार नव्हता. केंब्रिजचा फेलो, वनस्पतिशास्त्राचा आणि जुन्या अवशेषांचा अभ्यासक, छत्तीस वर्षं पाद्रीपण केलेला माणूस. त्याला फक्त बदली हवी होती. कॉर्नवॉलच्या टोकाला सेंट जस्ट नावाच्या गावी तो होता. मुलांच्या शिक्षणासाठी एक्झिटरजवळचं ब्रॅम्पफर्ड स्पीक हे छोटं गाव त्याने मागून घेतलं. पण मधल्या काळात मदतनीस पाद्री हवा म्हणून त्याने जी जाहिरात दिली होती, तीत उमेदवार ऑक्सफर्डच्या नव्या कर्मकांडी पंथापासून मुक्त असावा, अशी अट घातली होती. ती बिशपच्या वाचनात आली. फिलपॉट्स आधीच खटलेबाज म्हणून प्रसिद्ध. तो इरेला पेटला.

भांडणाचं मूळ बायबलमधल्या एका रात्रीच्या भेटीत आहे. निकदेम नावाचा प्रतिष्ठित धर्मपंडित अंधार पडल्यावर येशूकडे येतो. माणसाने पुन्हा जन्म घेतल्याशिवाय देवाचं राज्य दिसत नाही, असं येशू त्याला सांगतो. म्हातारपणी आईच्या पोटात कसं शिरायचं, असा प्रश्न निकदेमला पडतो. त्यावर हा जन्म पाण्याचा आणि आत्म्याचा आहे, असं उत्तर मिळतं. मेल्यानंतर पुढच्या देहात जाण्याशी याचा काही संबंध नाही. याच देहात, याच आयुष्यात घडायची ही गोष्ट आहे. मुंजीत बटूचा दुसरा जन्म मानणाऱ्या आपल्या समाजाला ही कल्पना तशी अगदी परकीही वाटू नये. पण पाणी आणि आत्मा या दोहोंत आधी काय आणि अडतं कशावाचून, यावर ख्रिस्ती जगाने शतकानुशतकं डोकेफोड केली आहे.

फिलपॉट्सचं म्हणणं सरळ होतं. चर्चच्या प्रार्थनापुस्तकात बाप्तिस्म्यानंतर या मुलाचा नवा जन्म झाला असं पाद्री जाहीर करतो. मग शंकेला जागा कुठे उरली? गोरम म्हणे, विधी खरा, पण त्याचं फळ लागायला देवाची कृपा आणि श्रद्धा हवी. पाणी पडलं म्हणून जन्म झालाच, असं सरसकट म्हणता येत नाही. हा मुद्दा त्याने आज काढला नव्हता. १८११ मध्ये पाद्रीपदाची दीक्षा घेतानाही याच मतावरून त्याचं घोडं अडायची वेळ आली होती.

बिशपने गोरमला नापास केलं. गोरम कोर्टात गेला. धर्मकोर्टाने ऑगस्ट १८४९ मध्ये बिशपची बाजू उचलून धरली, आणि मार्च १८५० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. न्यायाधीशांनी मोठी सावध भाषा वापरली. गोरमचं मत खरं की खोटं हे आम्ही ठरवत नाही; चर्चच्या शिकवणीत असं मत बाळगायला मनाई नाही, एवढंच आम्हाला म्हणायचं आहे. पण व्हायचा तो गदारोळ झालाच. नव्या जन्माचा निवाडा सरकारी वकील-न्यायाधीशांनी करावा, हे अनेकांना सहन झालं नाही. हेन्री मॅनिंगसारखा मोठा धर्मगुरू एप्रिल १८५१ मध्ये रोमन कॅथलिक झाला आणि पुढे कार्डिनलपदाला पोचला.

आज हा वाद वाचताना केस विंचरून उवा मोजाव्यात तसा वाटतो खरा. पण दोघांना कशाची भीती होती ते पाहिलं, की त्यातली ठिणगी दिसते. पाण्याने नवा जन्म होत असेल, तर त्याचा दाखला चर्चच्या दप्तरात असतो; तारीख, नाव, पाद्रीची सही. तो जर माणसाच्या आत, केव्हातरी, कुणाला न विचारता घडत असेल, तर दाखला द्यायचा कुणी?

तो कुणी दिला, हे दीडेक वर्षात फिलपॉट्सच्याच अखत्यारीतल्या एका गावात दिसलं.

कॉर्नवॉल हा तेव्हा तांब्या-कथलाच्या खाणींचा मुलूख. मातीखाली बोगदे, वर ओसाड टेकड्या, आणि दर रविवारी चर्चऐवजी मेथडिस्टांच्या प्रार्थनाघरात गर्दी. ही जॉन वेस्लीची करणी. वेस्ली स्वतः पाद्रीचा मुलगा, रीतसर दीक्षा घेतलेला पाद्री, अमेरिकेत जॉर्जियाला जाऊन हात हलवत परत आलेला मिशनरी. २४ मे १७३८ रोजी लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका छोट्या सभेत कुणीतरी मार्टिन लूथरची रोमकरांस पत्राची प्रस्तावना वाचत होतं. ती ऐकताना रात्री पावणेनऊच्या सुमाराला आपलं अंतःकरण कसं ऊबदार झालं, हे त्याने रोजनिशीत वेळेसकट नोंदवून ठेवलं आहे. वय ३४. बाप्तिस्मा होऊन ३४ वर्षं झालेली! पुढची पन्नास वर्षं तो घोड्यावरून इंग्लंडभर फिरला. खाणीमुळे जमीन खचून झालेल्या ग्वेनॅपच्या खळग्यात तर तो १८ वेळा बोलला. तिथल्या खाणकामगारांच्या तीन-चार पिढ्या एकच प्रश्न ऐकत वाढल्या: तुझा नवा जन्म झाला का? कधी झाला, कुठे झाला, सांग.

त्या खळग्यापासून फार लांब नसलेल्या बाल्डू नावाच्या टेकडीवर १८४८ मध्ये नवं चर्च उभं राहिलं. तिथला पाद्री विल्यम हॅसलम तिशीतला, उत्साही आणि पक्का कर्मकांडी गटातला. वाळूत गाडल्या गेलेल्या संत पिरानच्या प्राचीन चर्चवर त्याने पुस्तक लिहिलं होतं; वास्तुकला, जुने विधी, गुरुपरंपरा यांत तो रमलेला. खाणकामगारांच्या त्या आरडाओरड्याच्या सभांना तो धर्मच मानत नव्हता. नव्या जन्माच्या बाबतीत त्याचं आणि बिशपचं मत एकच होतं.

त्याच्या घरी एक माळी होता. भला माणूस, चर्चला नियमाने येणारा. त्याला क्षय झाला. मरण समोर दिसू लागल्यावर पाद्रीच्या शिकवणीने त्याला धीर येईना. त्याच दिवसांत बाहेरच्या पंथातला एक जण त्याच्याकडे येऊन बसला, पापक्षमेबद्दल बोलला, आणि माळी बदलून गेला. खाटेवर पडल्या पडल्या तो आनंदाने देवाची स्तुती करू लागला. हॅसलमला हे कळलं तेव्हा तो खट्टू झाला. आपलं एक चांगलं कोकरू दुसऱ्याच्या कळपात गेलं, या रागाने त्याने माळ्याकडे जाणंच टाकलं. माळ्याने निरोपावर निरोप पाठवले. शेवटी हॅसलम गेला, तर माळी त्याच्यासाठीच प्रार्थना करत होता.

मन थाऱ्यावर नसलेला हॅसलम पेंडीनला रॉबर्ट एटकिनकडे गेला. पेंडीन म्हणजे गोरमच्या जुन्या सेंट जस्टमधूनच वेगळं काढलेलं गाव. एटकिन मोठा विलक्षण गृहस्थ. विधींच्या बाबतीत कर्मठ आणि प्रवचनात मेथडिस्टांहून तापट. त्याच्या गावचं चर्च खाणकामगारांनी स्वतःच्या हातांनी बांधायला घेतलं होतं. हॅसलमने माळ्याची कैफियत मांडली. एटकिनने ती ऐकून घेतली आणि त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा होता की, तुझा स्वतःचा पालट झाला असता तर माळ्याच्या पालटाचा तुला आनंद झाला असता. तू रुसलास, यातच सारं आलं. तुझं होईपर्यंत तुझ्या गावात तुझ्या हातून काही व्हायचं नाही.

हे असं तोंडावर सांगणारा माणूस आयुष्यात भेटणं हे भाग्य की दुर्दैव, कोण जाणे. हॅसलम परतला तो आजारल्यासारखा. रविवार उजाडला, १९ ऑक्टोबर १८५१. घंटा वाजू लागल्या तेव्हा त्याच्या मनात आलं, लोकांना परत पाठवून द्यावं. मग ठरवलं, निदान प्रार्थना म्हणू आणि उपदेश न करताच सोडू. त्या रविवारच्या नेमलेल्या वाचनात, परुश्यांना येशूने ख्रिस्ताविषयी तुम्हाला काय वाटतं असं विचारल्याचा मजकूर होता. एवढ्यावर दोन शब्द बोलावेत म्हणून तो व्यासपीठावर चढला.

बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की हे परुशी म्हणजे आपणच. शास्त्र पाठ, विधी चोख, आणि समोर उभा असलेला तारणारा दिसत नाही. आपण काय बोललो ते नंतर त्याला नीटसं आठवेना, पण आवाज बदलला, चेहरा बदलला, आणि ते समोरच्या लोकांनी त्याच्याही आधी ओळखलं. गर्दीत एक गावठी उपदेशक बसला होता. तो ताडकन उठला, दोन्ही हात वर केले आणि कॉर्नवॉलच्या रिवाजाप्रमाणे ओरडला, पाद्री पालटला! पाद्री पालटला! हालेलुया! क्षणात तीन-चारशे माणसांनी चर्च दणाणून सोडलं. एरवी अशा गोंगाटावर खेकसणाऱ्या हॅसलमने या वेळी लोकांना गप्प केलं नाही; त्याने स्तुतीचं गीत धरलं आणि सगळे तेच पुन्हा पुन्हा गाऊ लागले. गलका ओसरल्यावर दिसलं की वीसेक माणसं आपापल्या जागी रडत क्षमा मागत आहेत, आणि त्यांच्यात त्याच्या घरचीही होती. स्वतःच्याच उपदेशाने, स्वतःच्याच व्यासपीठावर पाद्री पालटल्याची बातमी साऱ्या परगण्यात पसरली.

माझ्या मते या प्रसंगातली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती हॅसलम नाही, तो ओरडणारा आहे. बिशपला ५२ तास खर्चून जे ठरवता आलं नाही ते या माणसाने एका आरोळीत ठरवून टाकलं. त्याला अधिकार कसला? ना दीक्षा, ना पदवी. पण त्याच्या मागे ग्वेनॅपच्या खळग्यापासूनचं शंभर वर्षांचं शिक्षण होतं. पालटलेला माणूस कसा दिसतो हे तिथला पोरगाही सांगू शकला असता.

तीन महिन्यांनी हॅसलमच्या दारात बिली ब्रे आला. हा त्याच टेकडीच्या पायथ्याच्या गावात जन्मलेला खाणकामगार. तरुणपणी अट्टल दारुडा, पुढे नाचत-उड्या मारत प्रार्थना करणारा उपदेशक. बाल्डूच्या टेकडीवर चर्च नव्हतं तेव्हापासून ही टेकडी मला दे, असं तो देवाकडे मागत असे. चर्च बांधलं गेल्यावर हौसेने ऐकायला गेला आणि पाद्रीचा कोरडा कर्मकांडी उपदेश ऐकून हिरमुसून परतला होता. आता पाद्री पालटल्याचं कानावर आल्यावर तो भल्या सकाळी हजर झाला आणि आनंदाच्या भरात त्याने पाद्रीसाहेबांना उचलून खोलीभर फिरवलं. १८६८ मध्ये बिली वारला, त्याला त्याच चर्चच्या आवारात पुरलं आहे.

हॅसलम पुढे प्रवासी उपदेशक झाला आणि त्याने १८८० मध्ये आपल्या सेवेच्या वीस वर्षांची हकिगत मृत्यूतून जीवनात अशा अर्थाच्या नावाने छापली. ते पुस्तक फिरत फिरत महाराष्ट्रात आलं आणि पंडिता रमाबाईंच्या हाती पडलं.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटिज इथे, सेंट मेरीच्या मठात राहत असताना झाला, दोन वर्षांच्या मनोरमेसह. त्यामागे ज्यांच्या पत्रांचा मोठा वाटा, ते नीलकंठशास्त्री गोरेही काशीचे चित्पावन पंडित आणि त्याच कर्मठ ऑक्सफर्डी वळणाचे ख्रिस्ती. म्हणजे बिशप फिलपॉट्स आणि पालटण्यापूर्वीचा हॅसलम ज्या गटाचे, त्याच गटाच्या कुशीत रमाबाई ख्रिस्ती झाल्या. या लोकांच्या हिशेबी नव्या जन्माचा प्रश्न त्या दिवशी पाण्यापाशी मिटला होता. रमाबाईंचा मात्र मिटला नव्हता. त्रैक्य, बिशपांचा अधिकार, कोणता पंथ खरा, यावर त्या आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून कडाडून भांडत होत्या. इकडच्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं, ते काय दुसरं चढवून घ्यायला? असा त्यांचा सूर होता. पोथ्या तोंडपाठ करत, आईबापांबरोबर तीर्थं पालथी घालत, दुष्काळात त्यांना उपाशी मरताना पाहत वाढलेली ही बाई. तिला कुणाच्या सहीवर विश्वास ठेवणं अवघडच होतं.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढल्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवांची शाळा, पण कुणालाही धर्म शिकवायचा नाही, ही बोली. स्वतः रमाबाई बाप्तिस्मा घेतलेल्या, बायबल वाचणाऱ्या, आणि आतून अस्वस्थ. त्या वेळी हॅसलमचं पुस्तक त्यांनी वाचलं. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी याचा उल्लेख केला आहे, आणि त्यात त्यांना माळी आठवतो हे ध्यानात घेण्यासारखं आहे. चांगलं गाव, चांगलं काम, सगळे विधी चालू असलेल्या पाद्रीला माळ्याशी बोलताना उमगतं की आपण पालटलेलोच नाही. हे वाचून रमाबाई स्वतःला तपासू लागल्या. बाप्तिस्म्याला आठ वर्षं होऊन गेल्यावर त्यांना कळून चुकलं की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला, ख्रिस्त अजून मिळायचा आहे. आपली श्रद्धा बुद्धीपुरतीच होती, असंही त्या सांगतात.

१८९१ च्या या पालटाला साक्षीदार नाहीत. कुणी आरोळी ठोकली नाही. पण परिणाम पुण्याने पाहिले. पूर्वीही त्यांच्या प्रार्थनेच्या खोलीचं दार उघडं असे. आता तिथे मुली येऊन बसू लागल्या आणि रमाबाईंच्या वागण्या-बोलण्यातली नवी ओढ लपेना. केसरीने तोफा डागल्या. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी बोली मोडली, असं म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नव्हती. ज्या घरांनी विश्वासाने मुली धाडल्या त्यांची फसगत झाल्याची भावना समजण्यासारखी आहे. आणि रमाबाईंच्या बाजूने पाहिलं तर, आठ वर्षांनी जे हाती लागलं ते दार लावून ठेवायचं, हेही त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं.

पुढचं ठिकाण केडगाव. मध्य प्रांतातला १८९६-९७ चा दुष्काळ, मग गुजरातचा १९०० चा. रमाबाई बैलगाड्या, आगगाड्या करून अनाथ मुली नि विधवा गोळा करत गेल्या आणि मुक्ती सदनात सुमारे २००० जणींची वस्ती झाली. यांतल्या कितीएकींचा बाप्तिस्मा झालेला होता. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी त्यांना रोज प्रार्थनेला बसायला सांगितलं. वेल्समध्ये खाणकामगारांतच नुकतं मोठं संजीवन झाल्याच्या बातम्या तेव्हा येत होत्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा साडेपाचशे जणी जमू लागल्या. २९ जूनच्या पहाटे, तीनच्या पुढे, वसतिगृहातली एक मुलगी रडत-ओरडत उठली. शेजारच्या बाईला तिच्या अंगावर आग उतरताना दिसली. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली आणि ओतणार तेवढ्यात कळलं, मुलगी जळत नाही आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानातला आठवा अध्याय घेऊन नेहमीच्या शांत सुरात बोलत होत्या. मध्येच सगळ्या मुली मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रडणं, पापांची कबुली, क्षमेची याचना. आवाज इतका वाढला की रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. त्या थांबल्या. गप्प बसा म्हणाल्या नाहीत.

दिवसचे दिवस वर्ग बंद राहिले. मग मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगायला निघाल्या. टीकाही लगेच आली, आणि या वेळी पुण्यातल्या ब्राह्मणांकडून नव्हे, तर गोऱ्या मिशनऱ्यांकडून. हा गोंधळ आहे, उन्माद आहे, नवा जन्म असा होत नसतो. देवळात बसावं तसं शिस्तीने बसवा यांना. रमाबाईंनी मुक्ती प्रेअर बेल या आपल्या पत्रात उत्तर दिलं. त्याचा आशय असा की इकडच्या माणसांनी इंग्रजी पद्धतीनेच हसावं, रडावं आणि प्रार्थना करावी, हा आग्रह परदेशी मंडळींनी सोडावा. आत्म्याला या लोकांच्या स्वभावाप्रमाणे काम करू द्यावं. गावोगाव भजन-कीर्तनात माना डोलवत, टाळ्या पिटत वाढलेल्या मुली होत्या त्या.

सिस्टर जेराल्डीन यांना हे सारं पसंत पडणं शक्यच नव्हतं. आपली धर्मकन्या हळूहळू चर्चच्या कुंपणाबाहेर गेली, याचं शल्य त्यांना होतं. तरीही रमाबाईंची जुनी पत्रं त्यांनी जपून, जुळवून ठेवली. भांडणाची पत्रंसुद्धा.